मंडळीसाठी गीत रचणाऱ्याने कागदावर नाव आणि परवानगी लिहावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

चर्चमधील उपासनेसाठी स्वतः शब्द लिहिणारी, स्वतः चाल बांधणारी आणि ती आपल्या मंडळीकडून गाऊन घेणारी माणसे प्रत्येक पिढीत असतात. त्यांतील बहुतेकांचे नाव मंडळीबाहेर कोणाला ठाऊक नसते आणि त्यांची तशी अपेक्षाही नसते. पूर्वी अशी गीते एका चर्चच्या वहीत राहत आणि वही जीर्ण झाली की संपत. आता रविवारी सकाळी गायलेले गीत संध्याकाळपर्यंत कितीतरी मोबाइलवर पोचलेले असते. पण शब्द कोणाचे, चाल कोणाची, ती मूळ कोणत्या पट्टीत होती, दुसऱ्या मंडळीने ती गायली किंवा छापली तर चालेल का, एखादे कडवे गाळले तर रचनाकाराची हरकत आहे का, यांतले काहीच त्या गीताबरोबर पोचत नाही. उपासनेतील गायनाची जबाबदारी सांभाळणारी आणि स्वतः गीते रचणारी म्हणून याच विषयावर आपल्या वृत्तपत्रातून काही मांडण्याची माझी इच्छा आहे. मंडळीसाठी गीत रचणे आणि ते इतरांच्या हाती देणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे मला वाटत नाही. रचनाकार समोर नसतानाही अनोळखी माणसांना जे बरोबर आणि मनापासून गाता येते ते मंडळीचे गीत. त्यामुळे चाल बांधताना जेवढी काळजी घ्यावी लागते, तेवढीच ती कागदावर उतरवताना आणि परवानगी लिहिताना घ्यावी लागते.

नव्या गीतांची गरजच काय, असे काही ज्येष्ठ सभासद विचारतात. त्यांच्या प्रश्नामागे जुन्या गीतांवरचे प्रेम असते, याची मला जाणीव आहे. परंतु बायबलमधील स्तोत्रसंहितेत ३३, ४०, ९६, ९८, १४४ आणि १४९ या स्तोत्रांमध्ये नव्या गीताचा उल्लेख आहे, आणि चर्चच्या इतिहासात संकटाच्या किंवा जागृतीच्या प्रत्येक काळात नवे गीत जन्मलेले दिसते. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे राजदरबाराने बॅसिलिका, म्हणजे तिथले मोठे चर्च, ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बिशप अँब्रोज यांच्याबरोबर लोक चर्चमध्येच मुक्काम करून राहिले. ते थकून खचून जाऊ नयेत म्हणून तिथे स्तोत्रे आणि गीते गाण्याचा प्रघात सुरू झाला, असे त्या काळातील ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन यांनी नोंदवून ठेवले आहे. अँब्रोज यांच्या गीतांची बांधणी पाहण्यासारखी आहे: कडव्यात चार ओळी आणि ओळीत आठ अक्षरे. वाचता न येणाऱ्या माणसालाही दोनदा ऐकून ती पाठ होतील, अशी ती रचना होती. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२३ च्या अखेरीस आपले मित्र गेऑर्ग श्पालाटिन यांना पत्र लिहून स्तोत्रांवर लोकभाषेत गीते रचण्याची विनंती केली, आणि दरबारी, नवनवे शब्द टाळून सामान्य माणसाला कळतील असे साधे पण नेमके शब्द वापरावेत, असे आवर्जून कळवले. पुढच्याच वर्षी निघालेल्या पहिल्या छोट्या गीतपुस्तिकेत अवघी आठ गीते होती आणि त्यांतील चार ल्यूथर यांची होती. मराठीपुरते बोलायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण ओवीत आहे, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगांच्या आणि भजनांच्या वळणाने रचलेली गीते मंडळ्यांमध्ये रुजली. या सर्वांनी लोकांच्या तोंडी आधीपासून असलेल्या घाटातच नवा आशय भरला. नवे गीत रचणाऱ्याने सर्वांत आधी शिकावे ते हेच.

आता प्रत्यक्ष रचनेविषयी. मंडळी म्हणजे गायनवृंद नव्हे. वृंदाची तालीम होते, मंडळीची होत नाही. वृंदात आवाज पारखून घेतलेले असतात, मंडळीत आजी, नातू, घसा बसलेला माणूस आणि आयुष्यात कधी न गायलेला पाहुणा एकाच बाकावर असतात. त्यामुळे आवाजाच्या आवाक्याचा विचार पहिला. पेटीवरची पांढरी एक हा षड्ज, म्हणजे सा, धरला तर षड्जाच्या खाली एखाद-दोन स्वर आणि वर तार रिषभ, म्हणजे वरच्या सप्तकातला रे, एवढ्या पट्ट्यात बहुतेक चाली बसवता येतात. पुरुष त्याच चाली एक सप्तक खाली गातात. याच्या वर चाल गेली तर चालते, पण ती तिथे थांबता कामा नये. तिसऱ्या ओळीत चाल तार सप्तकात चढून तिथेच रेंगाळली की काय होते, ते मागच्या बाकांकडे पाहिले तर लगेच कळते: पुरुष एकदम खालच्या सप्तकात उतरतात, काही स्त्रियांचे नुसते ओठ हलत राहतात, लहान मुले ओरडून तो स्वर गाठतात, आणि चौथ्या ओळीला चाल उतरली की सगळे पुन्हा एकत्र येतात. म्हणजे जी ओळ गीताचा कळस म्हणून रचली, तिथेच मंडळी फुटली. तोच वरचा स्वर एका मात्रेपुरता स्पर्शून चाल खाली आली असती, तर कळसही साधला असता आणि सगळ्यांचे आवाजही एकत्र राहिले असते.

दुसरी गोष्ट श्वासाची. प्रत्येक ओळीच्या शेवटी किमान एक मात्रा मोकळी हवी. ती ठेवली नाही तर मंडळी आपल्या मनाने ती घेते, आणि पेटीवाला किंवा ऑर्गनवादक पुढे निघून जातो. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अर्धी मात्रा आधी उठणारी ओळ एकल गायकाच्या गळ्यात सुंदर वाटते, पण शंभर माणसे ती एका क्षणी उचलू शकत नाहीत. मुरक्या आणि लहान ताना यांचेही तसेच. हल्ली ध्वनिमुद्रणातून शिकलेल्या गीतांमध्ये दोन कडव्यांच्या मध्ये वाद्यांचे लांब तुकडे असतात. गीत ध्वनिमुद्रित करताना ते शोभतात, पण उपासनेत पुढचे कडवे केव्हा उचलायचे हे कोणालाच कळत नाही, एखादा उत्साही आवाज आधीच निघतो आणि लाजून थांबतो. मंडळीसाठी लिहिताना हा तुकडा चार मात्रांचा ठेवावा, आणि त्याचा शेवटचा स्वर कडव्याच्या पहिल्या स्वराकडे बोट दाखवणारा असावा. फ्रान्समधील तेझे येथील मठासाठी झाक बेर्तिए यांनी रचलेली छोटी गीते मी या दृष्टीने नेहमी अभ्यासते. १९४० साली ब्रदर रोजे यांनी सुरू केलेल्या त्या मठात निरनिराळ्या भाषा बोलणारे तरुण येऊ लागले, तेव्हा एकच ओळ पुनःपुन्हा गाण्याची आणि तिच्यावर एकल आवाजाने किंवा वाद्याने स्वतंत्र स्वररचना फुलवण्याची पद्धत त्यांनी वापरली. अवघड भाग जाणकारांकडे आणि सोपा पण पूर्ण अर्थाचा भाग सर्वांकडे, अशी ही वाटणी आहे. मंडळीला सोपे द्यायचे म्हणजे तिला हलके काहीतरी द्यायचे, असा समज करून घेणाऱ्या प्रत्येक रचनाकाराने ती गीते ऐकावीत.

शब्दांच्या बाबतीत मराठीची एक स्वतःची अडचण आहे. आपल्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घाचा कान फार पक्का आहे. 'करुणा' या शब्दातला 'रु' जर जोराच्या मात्रेवर आणि सर्वांत लांब स्वरावर पडला तर तो 'रू' होतो आणि शब्द परका वाटू लागतो. परदेशी चालींवर बसवलेल्या अनेक भाषांतरित गीतांत हे ऐकू येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या गाऊन त्याची सवय झाली म्हणून ते योग्य ठरत नाही. नवे गीत रचणाऱ्याला ही तडजोड करण्याचे काहीच कारण नाही, कारण शब्द आणि चाल दोन्ही त्याच्या हातात आहेत. ओळ आधी मोठ्याने, घाई न करता, वाचन करावे तशी म्हणावी; बोलताना जिथे आवाज थांबतो तिथेच चालीने थांबावे. जोडाक्षरे आणि लांब संस्कृत समास वाचायला भारदस्त वाटतात, पण शंभर जण एकत्र म्हणू लागले की त्यांतली व्यंजने एकमेकांवर आदळतात.

आशयाची जबाबदारी त्याहून मोठी आहे, कारण माणूस प्रवचन विसरतो पण गीत आजारपणातही आठवतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित केलेल्या उपासनाविषयक घटनेत संगीतरचनाकारांसाठी एक स्वतंत्र कलम आहे, १२१ क्रमांकाचे. केवळ मोठ्या गायनवृंदांना झेपेल असेच न लिहिता लहान वृंदांसाठी आणि सगळ्या मंडळीच्या सक्रिय सहभागासाठीही लिहावे, आणि शब्द चर्चच्या शिकवणुकीशी सुसंगत, मुख्यतः पवित्र शास्त्रातून आणि उपासनाग्रंथांतून घेतलेले असावेत, असे त्यात सांगितले आहे. मी कोणत्या पंथाची आहे हे इथे महत्त्वाचे नाही. हे कलम कोणत्याही पंथाच्या रचनाकाराने वाचावे इतके ते व्यवहार्य आहे. त्यातून निघणारा एक नियम मी तरी पाळते: गीत मंडळीसमोर नेण्याआधी ते पाळकांना किंवा धर्मगुरूंना शब्दशः वाचून दाखवायचे, आणि त्यांनी एखाद्या ओळीवर बोट ठेवले तर ती चालीच्या मोहात राखायची नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. नवी गीते पाहिली तर बहुतेक स्तुतीची असतात. स्तोत्रसंहितेत मात्र विलापाची, तक्रारीची, 'किती वेळ, प्रभू' असे विचारणारी स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. अंत्यविधीला, दुष्काळात, एखाद्या घरातले मूल गेले असताना मंडळीने काय गावे? बाप्तिस्मा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, पापांगीकार, प्रभुभोजनाला लोक पुढे येत असतानाची शांत दहा मिनिटे, या जागांसाठी गीतपुस्तकात पाने शोधावी लागतात. ज्याला रचण्याचे दान आहे, त्याने आपल्या मंडळीच्या उपासनेचा वर्षभराचा क्रम समोर ठेवून आधी या रिकाम्या जागा शोधाव्यात. अशा एखाद्या जागेसाठी रचलेले साधे गीत मला स्तुतीच्या आणखी एका गीतापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

छंदाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण गीतांच्या प्रवासाचे रहस्य त्यात आहे. आपल्या जुन्या गीतपुस्तकांत गीताच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या परिचित पदाची पहिली ओळ दिलेली असते. सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा अभंग एका चालीत शिकला की त्याच घाटाचा कोणताही अभंग त्या चालीत म्हणता येतो. इंग्रजी गीतपुस्तकांतही हीच सोय आहे, तिथे ८.६.८.६ असा आकडा छापतात, आणि त्या आकड्याची कोणतीही चाल त्या आकड्याच्या कोणत्याही गीताला लागते. जॉन न्यूटन यांचे 'अमेझिंग ग्रेस' हे गीत १७७९ मध्ये पुस्तकात छापले गेले, पण आज जगभर ज्या चालीत ते गातात ती चाल त्याला १८३५ मध्ये, विल्यम वॉकर यांच्या संग्रहात, जोडली गेली. छप्पन्न वर्षांनी शब्दांना आपली चाल सापडली, आणि ती सापडू शकली कारण दोन्हींचे माप एक होते. म्हणून नव्या गीतकाराने आपल्या गीताचे माप कागदाच्या डोक्यावर लिहावे. ज्या मंडळीकडे नवी चाल शिकवायला कोणी नाही, तिला ते गीत ओळखीच्या चालीत गाता येईल. आणि ज्या संगीतकाराला शब्द आवडतील त्याला पुढे स्वतःची चाल देता येईल.

मंडळीला नवे गीत शिकवण्याविषयी फार लिहीत नाही. उपासनेआधी पाच मिनिटे, आधी ध्रुवपद, कडवी वृंदाने, तेच गीत लागोपाठ काही रविवार, आणि एका उपासनेत एकाहून अधिक नवे गीत नाही. अनुभवी माणसे हे जाणतातच.

आता देवाणघेवाणीकडे येते. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे सहायक धर्मगुरू योझेफ मोर यांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलेली आपली कविता शाळामास्तर आणि ऑर्गनवादक फ्रान्ट्स क्साव्हेर ग्रूबर यांच्याकडे दिली आणि दोन एकल आवाज, वृंद आणि गिटार यांसाठी चाल बांधायला सांगितली. ते गीत म्हणजे आज जगभर नाताळात गायले जाणारे 'स्टिले नाख्त', इंग्रजीत 'सायलेंट नाइट'. एका ऑर्गन बांधणाऱ्या कारागिराने त्याची प्रत आपल्या खोऱ्यात नेली, तिथल्या गायक कुटुंबांनी ते जर्मनीत आणि अमेरिकेत गाऊन दाखवले, ते छापले गेले, आणि छापताना ते टिरोल प्रांताचे लोकगीत ठरले. पुढे ते एखाद्या थोर संगीतकाराचे असावे असेही लोक बोलू लागले. १८५४ मध्ये बर्लिनच्या राजदरबारातील संगीतमंडळाने साल्झबर्गकडे चौकशी केली, तेव्हा कुठे ग्रूबर यांनी ३० डिसेंबर १८५४ रोजी त्या गीताच्या जन्माची हकिगत लेखी दिली. तोवर मोर यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. १९९५ मध्ये मोर यांच्या स्वतःच्या हातची, १८२० च्या सुमारास लिहिलेली एक प्रत सापडली, आणि तिच्या वरच्या कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेले होते की चाल फ्रान्ट्स क्साव्हेर ग्रूबर यांची आहे. मूळ कागदावर नाव होते. नकलांवरून ते गळाले. शिवाय आज सर्वत्र गातात ती चाल काही स्वरांत ग्रूबर यांच्या चालीहून वेगळी आहे.

आपल्या मोबाइलवर हेच रोज घडते आहे, फक्त दशकांऐवजी दिवसांत. कोणीतरी गीताच्या कागदाचा फोटो काढतो. शब्द मोठे दिसावेत म्हणून वरचा भाग कापतो. त्या भागातच गीतकाराचे नाव, चाल आणि पट्टी असते. पुढच्या मंडळीत ध्वनिफितीवरून चाल बसवताना कोमल निषादाचा (नीचा) शुद्ध होतो, कारण पेटीवर तसा हात पडतो. तिसऱ्या ठिकाणी एक कडवे गाळले जाते, आणि नेमके त्याच कडव्यात प्रार्थनेचा शेवट असतो. माझ्या एका गीताचे असे झालेले रूप दुसऱ्या गावच्या एका मंडळीकडून नवे गीत म्हणून माझ्याकडे आले, तेव्हा शेवटच्या कडव्याशिवाय ते अर्ध्यावर थांबलेल्या प्रार्थनेसारखे वाटत होते. गाणाऱ्यांच्या भक्तीविषयी माझ्या मनात जराही शंका नाही. त्यांच्यापर्यंत पूर्ण कागद पोचला नव्हता, आणि तो पोचावा अशी व्यवस्था आपण केलेली नाही, एवढेच.

ही व्यवस्था अवघड नाही. शब्द आणि स्वरलिपी एकाच पानावर असावीत, आणि गीतकार, संगीतकार, वर्ष, पट्टी, ताल, शास्त्रातील आधाराचा संदर्भ आणि परवानगीचे एक वाक्य त्याच पानावर, शक्यतो शब्दांच्या खाली लगेच असावे, म्हणजे फोटोतून ते कापले जाणार नाही. स्वरलिपी सरगममध्ये असो वा पाच रेघांची. ज्या मंडळीकडे पेटी आहे तिला पहिली आणि जिच्याकडे ऑर्गन किंवा गिटार आहे तिला दुसरी लागते, म्हणून जमल्यास दोन्ही द्याव्यात. सोबत एक साधी ध्वनिफीत द्यावी, जिच्यात एकच आवाज अलंकार न घेता चाल गातो. सजवलेले ध्वनिमुद्रण ऐकून शिकणारा सजावटच शिकतो.

बदलांच्या बाबतीत मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७८० च्या आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत जे लिहिले, ते मला आजही सर्वांत न्याय्य वाटते. त्यांची आणि त्यांचे भाऊ चार्ल्स यांची गीते लोक न विचारता छापत. वेस्ली यांनी छापायला मनाई केली नाही. ती जशी आहेत तशीच छापावीत, सुधारण्याच्या भानगडीत पडू नये, आणि बदल करायचाच असेल तर मूळ पाठ समासात किंवा पानाच्या तळाशी द्यावा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीची जबाबदारी आपल्यावर येणार नाही, अशी विनंती त्यांनी केली. दुसऱ्या टोकाचे उदाहरणही इतिहासात आहे. जिनिव्हात स्तोत्रांच्या चाली बांधणारे लुई बुर्जुआ यांना १५५१ च्या डिसेंबरात परवान्याशिवाय परिचित चालींत बदल केले म्हणून तुरुंगात टाकले गेले, आणि तिथले धर्मसुधारक कॅल्व्हिन यांनी मध्यस्थी केल्यावर ते सुटले. लोकांच्या ओठी बसलेल्या चालीला हात लावला की त्यांना किती लागते, हे त्यातून दिसते. माझे मत असे, की पट्टी बदलणे आणि ताल संथ करणे यांसाठी कोणाला विचारण्याची गरज नसावी. शब्द बदलणे, कडवे वगळणे किंवा भाषांतर करणे यांसाठी मात्र रचनाकार हयात असेल तर विचारावे, आणि बदल झालाच तर तो पानावर नोंदवावा.

कायद्याची बाजू अनेकांना अनावश्यक वाटते. देवासाठी रचलेल्या गीतावर हक्क कसला, असे म्हणणारी माणसे मनाने चांगली असतात, पण त्यांच्या बोलण्यातून एक गोंधळ चालू राहतो. गीत रचून कोणत्याही रूपात नोंदले गेले की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो. त्यासाठी अर्ज किंवा शिक्का लागत नाही. शब्द आणि चाल यांचे हक्क स्वतंत्र असतात, आणि भाषांतराचाही हक्क वेगळा असतो. भारतात हे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आणि अनेक देशांत सत्तर वर्षे टिकतात. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणे हा हक्कभंग ठरत नाही. पण या सवलतीचा अर्थ शब्द छापून वाटणे, गीतपुस्तकात घेणे किंवा गीत ध्वनिमुद्रित करून विकणे यांनाही मोकळीक आहे असा नाही. म्हणजे परवानगी न लिहिणारा रचनाकार 'सर्वांनी गावे' अशी मनात इच्छा धरूनही प्रत्यक्षात सगळ्यांना अडवून ठेवतो. जी मंडळी प्रामाणिकपणे नियम पाळते ती गीत छापत नाही, आणि जी पाळत नाही ती नाव न घालता छापते.

यावर उपाय म्हणजे एक लेखी वाक्य. २००२ पासून उपलब्ध असलेले क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने याच गरजेचे आहेत: नाव द्यावे लागेल का, विक्रीसाठी वापरता येईल का, बदल करता येतील का, आणि बदललेली रचनाही त्याच अटीवर खुली ठेवावी लागेल का, एवढे प्रश्न त्यांत सुटतात. ज्याला तो परवाना समजून घेणे जड वाटते त्याने साध्या मराठीत लिहावे: 'कोणत्याही मंडळीने उपासनेसाठी हे गीत विनामूल्य गावे, छापावे आणि पडद्यावर दाखवावे, नावे आणि शब्द कायम ठेवावेत, विक्रीसाठी छापण्यापूर्वी किंवा ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी विचारावे.' कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी हे संकेतस्थळ १९९८ पासून वृंदसंगीताची पाने जगाला मोफत पुरवत आहे, आणि हयात रचनाकारही आपल्या रचना स्वतःहून तिथे ठेवतात. मोफत देणे आणि हक्क स्पष्ट ठेवणे यांत विरोध नाही, हे तिथे रोज दिसते.

मोफतच द्यावे असा आग्रह मात्र मी धरणार नाही. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी १७२३ पासून लाइप्झिगच्या चर्चसाठी आठवड्यामागून आठवडा नवे संगीत लिहिले, ते शहराने नेमलेले पगारी सेवक म्हणून, आणि त्याच हस्तलिखितांच्या अखेरीस त्यांनी अनेकदा देवाच्या गौरवासाठी अशी लॅटिन आद्याक्षरे लिहिली. मानधन घेतल्याने भक्ती कमी होते असे मानण्याचे कारण नाही. मंडळी ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याला पैसे देते, ध्वनिवर्धकवाल्याला देते, मग तिच्यासाठी वर्षभर गीते रचणाऱ्या तरुणाला निदान कागद, छपाई आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च द्यायला संकोच का वाटावा? मंडळीच्या वार्षिक सभेत हा विषय मांडला जावा, आणि प्रत्येक मंडळीने आपल्या नव्या गीतांची एक नोंदवही ठेवावी: गीत कोणाचे, केव्हा प्रथम गायले, परवानगी काय. दुसऱ्या मंडळीकडून आलेल्या गीताची नोंदही त्याच वहीत व्हावी, आणि नाव सापडत नसेल तर ते पाठवणाऱ्याला विचारून शोधावे. पाळकांनी घोषणा करताना गीतकाराचे नाव एकदा उच्चारावे. मूळ रचनाकाराला दोन ओळींचे पत्र पाठवून तुमचे गीत आम्ही गायलो असे कळवावे. गीत रचणाऱ्याला यापेक्षा अधिक काही लागत असेल असे मला वाटत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक विनंती आहे. नाताळ आणि ईस्टरच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून भक्तिगीते छापली जातात, तेव्हा बऱ्याचदा गीताखाली काहीच नसते किंवा 'पारंपरिक' असे असते. गीतकार आणि संगीतकार या दोघांची नावे, आणि परवानगी मिळाली असेल तर तिचा उल्लेख, गीताखाली अवश्य छापावा. नाव मिळत नसेल तर 'पारंपरिक' हा शिक्का मारण्यापूर्वी ज्या मंडळीकडून ते गीत आपल्याकडे आले तिच्या गायनप्रमुखाला विचारून पाहावे. पुष्कळदा त्या गीताचा रचनाकार त्याच चर्चमध्ये पेटीवर बसलेला असतो.

आपली विश्वासू,
एका मंडळीची गायनप्रमुख